गुरुजींचा घसा आणि उइघुरांची दाढ

डॉक्टरांच्या स्मरणिकेत लेख लिहायचा म्हणजे मधुमेहावर लिहावे, नाहीतर रक्तदाबावर. तेही नको असेल तर ‘डॉक्टर-रुग्ण संबंध : काल आणि आज’ हा हुकमी विषय आहेच. यंदा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मीही लसीकरणावर चार पाने लिहून मोकळा होणार होतो. मध्यंतरी घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने विषय बदलला.

रविवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा डॉक्टर चहाला एकत्र बसतो. आमच्यातील एका सहकाऱ्याला वैद्यकीय नियतकालिकांतील विषय वाचून दाखवण्याची हौस आहे. त्या दिवशी त्याने दोन विषय एकापाठोपाठ वाचले. एक होता शिक्षकांच्या घशाचे विकार आणि दुसरा, चीनच्या शिनजियांग प्रदेशातील उइघुर लोकांच्या दाढांच्या मुळांची रचना. हशा पिकला. ‘‘आता उइघुरांच्या दाढाच काय त्या मोजायच्या राहिल्या होत्या!’’ एकजण म्हणाला. ‘‘आणि मास्तरांचा घसा बसतो हे कळायला संशोधन कशाला हवं?’’ दुसऱ्याने पुस्ती जोडली. मीही हसलो. घरी परतताना मात्र ते हसू ओसरले, कारण या दोन्ही विषयांनी माझ्याच दवाखान्यातील दोन चुका मला आठवून दिल्या. त्या चुकांची ही हकीकत आहे आणि तिच्या शेवटी आपल्या संस्थेपुढे एक विनम्र प्रस्ताव आहे.

दाढ कुणाची?

पहिली चूक दाढेची. दहा वर्षांचा एक मुलगा जबड्याच्या सुजेने वारंवार माझ्याकडे येत असे. खालची पहिली दाढ किडलेली होती. दंतवैद्याकडे तिचे रूट कॅनाल झाले होते, त्यामुळे दाताचा प्रश्न मिटला असे मी गृहीत धरले. सूज आली की प्रतिजैविक, सूज ओसरली की विश्रांती, असे वर्षभर चालले. अखेरीस दुसऱ्या एका दंतवैद्याने क्ष-किरणाची नळी थोडी तिरकी धरून फिल्म घेतली आणि त्या दाढेला तिसरे मूळ असल्याचे दिसले. सरळ घेतलेल्या फिल्मवर ते मागच्या मुळाच्या सावलीत दडून गेले होते. दोन मुळे स्वच्छ झाली होती आणि तिसऱ्यात जंतू सुखाने नांदत होते.

खालच्या पहिल्या दाढेला साधारणतः दोन मुळे असतात, एक पुढे आणि एक मागे. आपण सर्वांनी हेच पाठ केले. काही माणसांत मात्र जिभेच्या बाजूला तिसरे, बहुधा आखूड व वाकडे मूळ असते. ते किती जणांत असते, याचे उत्तर माणूस कोणत्या लोकसमूहातला आहे यावर अवलंबून आहे. युरोप, आफ्रिका आणि भारतीय उपखंडातील बहुतेक पाहण्यांत हे प्रमाण शंभरात पाचाच्या आत राहते. चीन, मंगोलिया, पूर्व आशिया आणि अमेरिकेतील काही मूळ रहिवाशांत ते वीस-पंचवीस किंवा त्याहूनही वर जाते. सिंगापुरातील दंतशास्त्राचे प्राध्यापक ट्रॅटमन यांनी १९३८ मध्येच या फरकाकडे लक्ष वेधले होते. खालच्या दुसऱ्या दाढेची गोष्टही अशीच आहे. तिची मुळे कधी कधी एकमेकांस जोडली जातात आणि आतील पोकळी चंद्रकोरीसारखी होते. पूर्व आशियात ही रचना नित्याची आहे. आपल्याकडे चेन्नईच्या दंतवैद्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ती सुमारे साडेसात टक्के दाढांत आढळली.

आता उइघुरांकडे पाहावे. रेशीम मार्गावर शतकानुशतके वसलेल्या या समाजात पूर्व व पश्चिम आशियाचे रक्त मिसळलेले आहे, असे जनुकीय अभ्यास सांगतात. त्यांच्या दाढेला बीजिंगचा आकडा लावावा की युरोपचा? कुठलाच नाही. तेथील दंतवैद्याने आपल्याच रुग्णांच्या दाढा मोजायला हव्यात. म्हणजे आम्ही ज्याला हसलो तो उद्योग शहाणपणाचा होता. येथे एक खुलासा आवश्यक आहे. मुळांच्या संख्येवरून कुणी उच्च अथवा नीच ठरत नाही. ती संख्या दंतवैद्याला फक्त एवढेच सांगते की, ‘थांब, अजून एकदा नीट पाहा.’

मग आमच्या बऱ्हाणपूरच्या दाढेचे काय? हे शहर दख्खनचा दरवाजा म्हणून ओळखले गेले. सुरतेहून आग्र्याकडे जाणारा मार्ग येथून जात असे. तापीकाठी मराठी बोलणारे शेतकरी आहेत, विणकर मोमीन आहेत, गुजराती आहेत, बोहरी आहेत, फाळणीनंतर आलेले सिंधी आहेत आणि सातपुड्याच्या कुशीत कोरकू, भिल्ल व बारेला आहेत. एवढे लोक एका जिल्ह्यात नांदत असता त्यांच्या दाढांना किती मुळे आहेत, हे आपल्यापैकी कुणीही मोजलेले मला ठाऊक नाही.

अशी मोजणी मराठी मुलखाला अपरिचित मात्र नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन करून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. त्या लोकांत तान्ही मुले दगावली की त्यांना दोन कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून घराच्या जमिनीखाली पुरत असत. त्या मुलांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकन संशोधक जॉन लुकास यांनी केला. त्या दातांच्या ठेवणीवरून त्यांच्या नातेसंबंधांचा आणि दातांवरील खुणांवरून त्यांच्या कुपोषणाचा माग काढता आला. तीन हजार वर्षांपूर्वी गेलेल्या बालकांचे दात कुणीतरी इतक्या मायेने मोजले. जी बालके आज माझ्यासमोर टेबलावर ‘आ’ करून बसतात, त्यांच्या दातांकडे मी जीभ दाबून घसा पाहताना ओझरतेही पाहत नव्हतो, ही माझी पहिली चूक.

पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट येथेच सांगून ठेवतो. ही पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे पुष्कळ घरांत तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडणारच आहे’ म्हणून किडू देतात. ती पडणार नसते. तिच्यावर मुलाला आयुष्यभर जेवायचे असते.

दंतवैद्याचा आरसा

दाढेवरून घशाकडे जाण्याची वाट इतिहासानेच आखून ठेवली आहे. जिवंत माणसाचे स्वरयंत्र काम करताना सविस्तर पाहून त्याचे वर्णन जगापुढे मांडले ते एका शिक्षकाने. मॅन्युएल गार्सिया हे गाणे शिकवीत. १८५४ मध्ये त्यांनी पॅरिसमधील एका उपकरण-निर्मात्याकडून लांब दांड्याचा दंतवैद्याचा आरसा घेतला. तो कोमट पाण्यात बुडवून त्यांनी स्वतःच्या पडजिभेशी टेकवला, दुसऱ्या हातातील आरशाने सूर्यप्रकाश आत सोडला आणि स्वतःचे स्वरतंतू उघडताना-मिटताना पाहिले. पुढच्या वर्षी ही निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचली गेली. या गृहस्थांनी १९०५ मध्ये आपली शंभरी पाहिली. जेनी लिंड ही विख्यात गायिका १८४१ मध्ये थकलेला, फाटलेला आवाज घेऊन त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी तिला आधी काही आठवडे पूर्ण मौन पाळायला लावले आणि मगच शिकवणी सुरू केली.

घशात पाहण्याची विद्या अशी एका शिक्षकाने दिली. शिक्षकांच्या घशात मात्र आम्ही पाहत नाही.

माझी दुसरी चूक ती हीच. माझ्याकडे एक बाई आपल्या मुलाला घेऊन येत. मुलाला दम्याचा त्रास होता, त्यामुळे सात-आठ वर्षे हे येणे-जाणे चालू राहिले. बाई एका खासगी शाळेत शिकवीत. पत्र्याच्या छपराखाली दोन इयत्ता एकत्र बसवलेला वर्ग, साठाच्या वर मुले आणि दिवसाला सहा तास. दिवाळीनंतर त्या आल्या की आवाज घोगरा असे, परीक्षेच्या सुमारास तो जवळपास नाहीसा होई आणि मेच्या सुटीत थोडा परत येई. मी एकदा थट्टेने म्हणालोही, ‘‘बाई, आज आवाज घरीच विसरून आलात वाटतं?’’ त्या हसल्या. मी मुलाची छाती तपासली, औषध लिहिले आणि जाता जाता बाईंना चघळायच्या गोळ्या व मिठाच्या गुळण्या सुचवल्या. दर वर्षी हेच.

एका वर्षी त्या आल्या तेव्हा बोलतच नव्हत्या. मुलगा त्यांच्या वतीने बोलत होता. तोपर्यंत शाळेने त्यांना ‘मुलांना ऐकू जात नाही’ या कारणाने कमी केले होते. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले असता दोन्ही स्वरतंतूंवर गाठी निघाल्या. त्या कर्करोगाच्या नव्हत्या, सततच्या आघाताने हाताला घट्टे पडावेत तशा होत्या. आवाजाच्या व्यायामोपचारासाठी त्यांना महिनोन्महिने परगावी खेपा घालाव्या लागल्या. आवाज बराचसा परत आला, नोकरी आली नाही. नंतर एकदा त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, तुम्ही पोराला दर वेळी एवढं विचारायचे. मला एकदा विचारलं असतं तर.’’ यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

दहा लाख टाळ्या

स्वरतंतू म्हणजे श्वासनलिकेच्या तोंडाशी असलेल्या दोन मऊ पट्ट्या. आपण बोलतो तेव्हा त्या एकमेकींवर आपटतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात त्या सेकंदाला शंभर ते सव्वाशे वेळा कंप पावतात, स्त्रीच्या बोलण्यात सुमारे दोनशे वेळा. नवजात बालक रडते तेव्हा हा आकडा चारशे-पाचशेपर्यंत जातो. पाच तास शिकवणाऱ्या बाईंच्या कंठातून प्रत्यक्ष स्वर निघण्याचा वेळ दीड तास जरी धरला, तरी दिवसाकाठी दहा लाखांहून अधिक आघात होतात. म्हणजे दहा लाख टाळ्या, आणि त्याही वर्गाच्या गोंगाटावर मात करण्यासाठी जोर लावून वाजवलेल्या. स्त्रियांचे स्वरतंतू आखूड असतात आणि आघात जवळपास दुप्पट, म्हणून गाठी त्यांच्यातच अधिक आढळतात. लहानपणी मात्र हे चित्र उलट असते. घसा ताणून ओरडणाऱ्या मुलग्यांत गाठी जास्त दिसतात.

गोंगाटात आपला आवाज आपोआप चढतो. फ्रेंच वैद्य लोंबार यांनी १९११ मध्ये हे दाखवून दिले. बोलणाऱ्याला आपण ओरडतो आहोत हे कळतही नाही. वर्ग रिकामा असताना तेथील पार्श्वध्वनी ३५ डेसिबलच्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सुचवले. आपल्या शाळा रस्त्याला लागून असतात. वर पत्रा, खाली फरशी, भिंती कोऱ्या, आणि शेजारच्या वर्गात मोठ्याने पाढे चाललेले. अशा वर्गात आवाज घुमतो, अक्षर विरघळते आणि शिक्षक पुन्हा एक पट्टी वर चढतात.

अमेरिकेत आयोवा व युटा या राज्यांतील सुमारे साडेबाराशे शिक्षक आणि तितक्याच इतर व्यावसायिकांची तुलना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झालेले शिक्षक ५७.७ टक्के होते, तर इतर लोक २८.८ टक्के. पाहणीच्या वेळी त्रास असलेले शिक्षक ११ टक्के, इतर ६.२ टक्के. आपल्या देशात कर्नाटकात हजाराहून अधिक प्राथमिक शिक्षकांच्या पाहणीत, जी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, सुमारे सतरा टक्क्यांनी आवाजाची तक्रार सांगितली. आयोवातला गोरा शिक्षक आणि कर्नाटकातील प्राथमिक शाळेतल्या बाई यांच्यात रक्ताचे काही नाते नाही. त्यांचे नाते आहे ते खडू, फळा आणि समोरच्या मुलांचे.

प्रकृती की परिस्थिती?

आमच्या चहाच्या बैठकीत जे दोन विषय हास्यास्पद ठरले, ते एकमेकांशेजारी ठेवले की वैद्यकातला एक जुना प्रश्न समोर येतो. माणसाच्या शरीरात वारशाने आलेले किती आणि कामाने घडवलेले किती? दाढेची मुळे वारशातून येतात. तेथे ‘तुम्ही कोणत्या लोकांतले?’ हे विचारावे लागते. गुरुजींचा घसा कामातून बिघडतो. तेथे ‘तुम्ही काय काम करता?’ हे विचारावे लागते.

बालरोगतज्ज्ञाला हा भेद परिचयाचा आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा आपल्या मुलांची उंची कमी असते ती ‘वंशामुळे’, असे सहज म्हटले जाई. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात दिल्लीसह सहा देशांतील सुस्थित घरांतली बालके मोजली आणि २००६ मध्ये नवे वाढीचे तक्ते दिले. पहिल्या पाच वर्षांत, योग्य आहार व आरोग्य मिळाले तर, दिल्लीचे बाळ नॉर्वेच्या बाळासारखेच वाढते, असे त्यातून दिसले. ज्याला आपण वंश म्हणत होतो, त्यातला मोठा भाग भूक होती.

घशाच्या बाबतीत आपण तीच चूक करीत आलो. ‘तुमची प्रकृतीच कफाची’, ‘थंड खाल्लंत’, ‘आंबट सोडा’ असे सांगून शिक्षकाचा आजार आपण शिक्षकाच्याच पदरात टाकतो. आपली परंपराही याहून शहाणी होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात स्वरभेदाच्या कारणांत फार मोठ्याने बोलणे आणि मोठ्याने पठण करणे यांचा उल्लेख आहे. इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी गवई व आवाज शिकवणारे यांच्या विकारांचा स्वतंत्र विचार केला आणि रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारल्याशिवाय वैद्याने पुढे जाऊ नये असा आग्रह धरला. या गोष्टीला तीन शतके उलटून गेली. माझ्या केसपेपरवर आजही नाव, वय, वजन आणि पत्ता यांच्यासाठी जागा आहे, आईवडिलांच्या कामासाठी नाही.

घसा बसलेल्या माणसाला सर्रास प्रतिजैविके दिली जातात, त्यांचा येथे बहुतेक वेळा उपयोग नसतो. मिठाच्या गुळण्यांचे पाणी घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचते, स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. पोचले तर ठसका लागेल. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचे दूध यांनी घशाला आराम वाटतो. तो जरूर घ्यावा, पण गाठ त्याने विरघळत नाही. गाठीवर पहिला उपाय आवाजाचा व्यायामोपचार आहे, शस्त्रक्रियेची पाळी क्वचित येते. आणि तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगरा राहिला, तर शिक्षक असो वा शेतकरी, स्वरयंत्र पाहिलेच पाहिजे. आपल्या भागात तंबाखूचे व्यसन किती आहे हे सांगायला नको. स्वरतंतूंचा कर्करोग आवाजातील बदलाने लवकर ओळखू येतो आणि लवकर ओळखला तर बहुधा बरा होतो.

कायदाही येथे मुका आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार होता, यंत्रांच्या आवाजाने येणारा बहिरेपणाही होता. म्हणजे बऱ्हाणपूरच्या पॉवरलूमवर काम करणाऱ्याचा कान कायद्याला दिसला, निदान कागदावर तरी. शिक्षकाचा घसा त्या यादीत नव्हता. पोलंडमध्ये मात्र पंधरा वर्षे आवाजावर ताण देणारे काम केलेल्या व्यक्तीच्या स्वरतंतूंवरील गाठी व्यावसायिक आजार म्हणून मान्य होतात.

मुलांचे काय?

कुणी म्हणेल, बालरोगतज्ज्ञाला शिक्षकांची एवढी काळजी कशाला? त्याचे उत्तर मुलांच्या कानात आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शंभराहून अधिक शाळकरी मुलांना तीच माहिती निरोगी आवाजात आणि घोगऱ्या आवाजात ऐकवली गेली. निरोगी आवाजातील माहिती मुलांना अधिक चांगली समजली. आवाजाचा दोष सौम्य असला तरी फरक पडत होता. मूल शब्द उलगडण्यात शक्ती खर्च करते, अर्थासाठी ती उरत नाही. त्यात पावसाळ्यात सर्दीने कानात पाणी साचलेली, अर्धवट ऐकू येणारी मुले आपल्याकडे प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्या पालकांची तक्रार एकच असते, ‘‘डॉक्टर, याचं लक्षच नसतं.’’ आमच्या शाहपुरात घरी खानदेशी वळणाची मराठी, बाजारात हिंदी आणि पुस्तकात तिसरीच भाषा अशी मुलांची कसरत असते. त्यांना तर स्पष्ट आवाजाची गरज अधिकच. बसलेल्या घशाची किंमत बाईंनी नोकरीने मोजली, पण त्या आधी किती वर्षे त्यांच्या वर्गातील मुले ती मोजत होती, हे आपल्याला कळणार नाही.

आपण काय करावे?

यावर दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा की संशोधन हे वैद्यकीय महाविद्यालयांचे काम, आपण खेड्यापाड्यातील डॉक्टर. परंतु मोजणीला महाविद्यालय लागत नाही, वही लागते. महाविद्यालयात रुग्ण शेवटी पोचतो. आपल्याकडे तो सात-आठ वर्षे येत असतो. दुसरा आक्षेप असा की शिक्षकांना सुट्ट्या भरपूर, त्यांचे कसले हाल! हा आक्षेप घेणाऱ्याने एक दिवस साठ मुलांच्या वर्गात पाच तास उभे राहून पाहावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर तीस मुलांमागे एक शिक्षक ठरवला आहे. तो नियम घशासाठी केलेला नसला, तरी घशाचे सर्वोत्तम औषध तोच आहे.

पाण्याविषयीही एक शब्द. बऱ्हाणपूर हा देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला तो जुलै २०२२ मध्ये. त्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. स्वरतंतू ओले राहण्यासाठी दिवसभर घोट घोट पाणी पिणे आवश्यक असते. पण कित्येक शिक्षिका शाळेत मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह नीट नसते किंवा वर्ग सोडून जाता येत नाही. नळ दारापर्यंत आला तरी घसा कोरडा राहतो तो असा.

केवळ उपदेशाने भागत नाही, हेही सिद्ध झाले आहे. २००२ मध्ये अमेरिकेत आवाजाचा विकार असलेल्या ४४ शिक्षकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना कमरेला बांधायचा लहान ध्वनिवर्धक दिला त्यांचा त्रास स्पष्टपणे कमी झाला. ज्यांना आवाज जपण्याच्या नुसत्या सूचना दिल्या त्यांच्यात तसा लक्षणीय फरक दिसला नाही. असे यंत्र आज दोन-अडीच हजार रुपयांत मिळते. एका सत्काराच्या खर्चात ते बसते.

आता प्रस्ताव. दरवर्षी ५ सप्टेंबरला आपली संस्था परिसरातील शिक्षकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करते. आपण त्यांच्या गळ्यात हार घालतो, गळ्याच्या आत पाहत नाही. येत्या शिक्षक दिनाच्या आठवड्यात शाहपूर, इच्छापूर आणि आसपासच्या गावांतील शाळांच्या शिक्षकांसाठी, मराठी, हिंदी, उर्दू असा भेद न करता, सरकारी, खासगी आणि अतिथी शिक्षक अशा सर्वांसाठी, स्वरयंत्र तपासणीचे शिबिर घ्यावे. कान-नाक-घसा तज्ज्ञ सहकाऱ्यांनी एक दिवस द्यावा. आम्ही इतरांनी एक पानी नोंद भरावी : वय, किती वर्षे शिकवता, वर्गात मुले किती, रोज तास किती, छप्पर कशाचे, पाणी पिता का, आवाज किती वेळा बसतो, तंबाखू खाता का. नाव नको, शाळेचेही नको, म्हणजे कुणाच्या नोकरीवर गदा येणार नाही. जे आकडे निघतील ते पुढच्या स्मरणिकेत छापावेत आणि जिल्हा शिक्षण कार्यालयाला पाठवावेत. शिबिरात ज्यांचा आजार सापडेल त्यांच्यासाठी हारांच्या खर्चातून ध्वनिवर्धक घ्यावेत.

दंतवैद्य बंधू-भगिनींनाही एक विनंती आहे. आपल्या खुर्चीवर येणाऱ्या खालच्या दाढांची मुळे मोजून एका वहीत लिहीत जावीत. पाच वर्षांत बऱ्हाणपूरच्या दाढेला तिचा स्वतःचा आकडा मिळेल आणि उइघुरांच्या दाढांना हसण्याचा अधिकार तरी आपल्याला नाही, हे ध्यानात येईल.

माझ्यापुरते सांगायचे तर दवाखान्यातील केसपेपर मी नव्याने छापून घेतला आहे. बालकाच्या वजनाखाली आता एक ओळ आहे : ‘आई काय काम करते? वडील काय काम करतात?’ गेल्याच आठवड्यात एका आईने तेथे ‘शिक्षिका’ असे लिहिले. तिचा मुलगा खोकत होता. त्याची छाती तपासून झाल्यावर मी स्टेथोस्कोप खाली ठेवला आणि तिला विचारले, ‘‘ताई, तुमचा आवाज केव्हापासून असा आहे?’’

तिने आधी मुलाकडे पाहिले, मग माझ्याकडे. ‘‘दोन वर्षं झाली, डॉक्टरसाहेब,’’ ती म्हणाली. मी चिठ्ठी लिहायला घेतली. त्या दिवशी मुलासाठी एक चिठ्ठी होती आणि आईसाठी, कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या नावे, दुसरी.